सड्यावरची पाकट: एका चुकलेल्या बातमीचं प्रकरण

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावच्या सड्यावर कातळात कोरलेलं एक चित्र आहे. गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. 2022 च्या डिसेंबरात मी ते लिहिलं होतं, चांगलं ठळक अक्षरांत, सोबत नकाशावरची खूणही दिली होती. पुढे जे झालं त्याचंच हे प्रकरण.

आमचा सहा जणांचा गट तालुक्यापुरतं एक चार पानी मासिक पत्रक काढतो. कुठल्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला, कुठल्या बावीचा गाळ काढताना कोरीव दगड वर आला, कुणाच्या माळ्यावर मोडी कागदांचं गाठोडं सापडलं, असल्या बातम्या त्यात असतात. छापील प्रती वाचनालयात, दोन-चार देवळांच्या सभामंडपात आणि एसटी स्टँडवरच्या पेपरवाल्याकडे जातात. बाकी सगळं फोनवरून. पत्रक फुकट असल्यामुळे कुणी तक्रार करत नाही, आणि कुणी तक्रार करत नाही म्हणजे आपलं बरं चाललंय असा आमचा समज होता.

आधी सड्याबद्दल. घाटावरच्या वाचकाला सडा म्हटलं की दारातला शेणसडा आठवेल. कोकणात सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. उन्हाळ्यात तव्यासारखं तापणारं, पावसात गुडघाभर गवताचं, शेतीला जवळपास निरुपयोगी. गुरं चरायला सोडायची, गवत कापून आणायचं, पलीकडच्या वाडीत जायला पायवाट म्हणून वापरायचं, एवढाच त्याचा उपयोग. याच कातळांवर माणसं, हत्ती, वाघ, मासे, पक्षी आणि अर्थ न लागणाऱ्या चौकटी कोरलेल्या आहेत. रत्नागिरीचे अभ्यासक सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दहा-बारा वर्षांत सडे पायी पालथे घालून ती एकेक करून उजेडात आणली. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात सत्तरच्या आसपास ठिकाणी मिळून दीड हजारांहून जास्त आकृत्यांची नोंद झाली. कशेळीचा हत्ती 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी आहे. 2022 साली यातली नऊ स्थळं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली: उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही रत्नागिरीतली सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामळ.

वय किती, हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात. दगडात नुसती चर खोदलेली असेल, त्यात रंग नसेल, कोळसा नसेल, तर चित्राचं वय थेट मोजायला हाताला काही लागत नाही. म्हणून आजूबाजूची दगडी हत्यारं, चित्रातले प्राणी, कोरण्याची पद्धत यांवरून अंदाज बांधतात. दहा-बारा हजार वर्षं हा आकडा बातम्यांतून फिरतो तो असा अंदाजाचा आहे. चित्रांत शिकारीचे प्राणी आहेत आणि शेतीचं काहीच नाही, हे त्यामागचं एक कारण.

आता प्रकरण. नोव्हेंबरात एका प्राथमिक शाळेतल्या बाईंचा फोन आला. त्यांच्या वर्गातल्या एका पोराने सांगितलं होतं की गुरांमागे जाताना सड्यावर ‘पतंग’ दिसतो. आम्ही दोघं गेलो. गवत नुकतंच कापलेलं होतं. दुपारी बारा वाजता पोचलो आणि अर्धा तास शोधूनही काही दिसेना. जांभ्याला मुळातच इतकी भोकं आणि चिरा असतात की कोरलेली रेघ कुठली आणि निसर्गाची कुठली ते डोक्यावरच्या उन्हात कळत नाही. ते पोरगं मात्र हसत होतं. चारनंतर ऊन तिरकं झालं तशी चरांच्या एका काठाला सावली धरली आणि आकृती जमिनीतून वर आल्यासारखी दिसायला लागली. चौकोन एका कोपऱ्यावर उभा केलेला, दोन बाजूंचे कोपरे जरा वळलेले, आणि खालच्या टोकाला लांबच लांब शेपूट. खराट्याने माती झाडली तेव्हा शेपूट आणखी दोन हात निघाली.

मी फोटो काढले, घरी आलो आणि रात्री एका बैठकीत बातमी लिहिली. ती इथे जशीच्या तशी देतो, कारण यातला जवळजवळ प्रत्येक शब्द पुढे आमच्या अंगावर आला:

‘(गावाचं नाव) येथे दहा हजार वर्षांपूर्वीचे कातळशिल्प सापडले! अज्ञात संस्कृतीची गूढ आकृती. शाळेमागून सड्याकडे जाणाऱ्या पायवाटेने पंधरा मिनिटांत पोचता येते. शासनाने हे स्थळ तातडीने ताब्यात घेऊन विकसित करावे, अशी इतिहासप्रेमींची मागणी आहे.’

खाली नकाशाची खूण. पत्रक एक तारखेला गेलं. तोवर आमचं पत्रक तीन-चारशे फोनांपलीकडे कधी गेलं नव्हतं. हे मात्र पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंगवाल्यांत पोचलं, तिथून कुठे गेलं ते आम्हाला कळलंही नाही. नाताळच्या सुट्टीत सड्यावर गाड्या दिसायला लागल्या. ‘गूढ आकृती’ या दोन शब्दांची परग्रहावरची तबकडी व्हायला आठवडा लागला नाही. कुणी बूट घालून शेपटीवरून चालत व्हिडिओ काढले. मग कुणीतरी फोटोत रेघा उठून दिसाव्यात म्हणून चरांत पांढरा रंग भरला. खडू असता तर पहिल्या सरीत गेला असता. हा ऑइलपेंट होता.

हे सगळं मला जमिनीच्या मालकांनी सांगितलं. साठीच्या पुढचे गृहस्थ, आम्ही त्यांना काका म्हणतो. जानेवारीत ते पत्रकाची घडी खिशात घालून वाचनालयात आले. आवाज चढवला नाही. घडी उलगडली, ‘ताब्यात घेऊन’ या शब्दांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘‘भाऊ, जमीन माझी, आणि ती सरकारला देऊन टाकलीत तुम्ही. मला एकदा विचारलं तरी असतंत.’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांना विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नव्हतं. सडा उघडा, कुंपण नाही, पीक नाही, म्हणजे जणू कुणाचाच नाही, असं मी धरून चाललो होतो. सातबाऱ्यावर त्यांच्यासह चुलत्यांची, पुतण्यांची, लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं होती. निम्मी माणसं मुंबईत. आणि काकांचं एका चिरेखाणवाल्याशी बोलणं चालू होतं, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही, नंतर कळलं. जांभा यंत्राने कापून चिरे काढतात. ज्या कातळावर भात उगवत नाही तो चिऱ्यांच्या रूपाने पैसा देतो. एकदा खाण पडली की चित्र असलेला थर सगळ्यात आधी जातो, कारण तो सगळ्यात वर असतो. आमच्या बातमीने खाणवाला बिचकला आणि काकांची व्यवहाराची बोलणी अडकली. म्हणजे एका अर्थी बातमीने चित्र वाचवलं. पण ज्या माणसाच्या भरवशावर ते यापुढे राहणार होतं त्याला आम्ही आधीच दुखावून बसलो होतो.

वाडीत दोन अफवा चालू होत्या. एक, सरकार सगळा सडा घेणार. दुसरी, आकृतीखाली धन आहे. दुसरीमुळे फेब्रुवारीत कुणीतरी रात्री येऊन आकृतीपासून दहा पावलांवर खड्डा खणला. कातळ तो, दीड वितीच्या खाली पहार गेली नाही. पहिली अफवा जास्त टिकाऊ निघाली, कारण तिच्यात थोडं तथ्य होतं. प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या केंद्रीय कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली, त्यानुसार केंद्र संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. कुणाच्या तरी मेव्हण्याचं घर कुठल्या तरी किल्ल्याजवळ यात अडकलेलं असतं आणि ती गोष्ट गावोगाव फिरते. आमचं चित्र कुठल्याच यादीत नव्हतं, त्यामुळे तो नियम तिथे लागूच नव्हता. शिवाय स्मारक संरक्षित झालं म्हणजे मालकी आपोआप सरकारकडे जाते असंही नाही. हे चार ओळींत सांगता आलं असतं. आम्ही सांगितलं नाही. आम्ही ‘ताब्यात घ्यावे’ असं छापलं.

मार्चमध्ये शिमग्याला चाकरमानी आले तेव्हा बोलावं असं ठरलं होतं. पालखीच्या दिवसांत असला विषय काढू नका, असं सरपंचांनी सुचवलं आणि ते बरोबरच होतं. मग एप्रिल उजाडला. बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, आंदोलन पेटलं, पोलीस बंदोबस्त लागला. कातळशिल्प हा शब्द राज्यभरच्या टीव्हीवर गेला. तिथे वाद जमिनीचा, रोजगाराचा, समुद्राचा होता. त्यात चित्रंही आली, दोन वाघांमध्ये उभा असलेला माणूस घरोघर दिसला. आमच्या गावात त्याचा परिणाम असा झाला की कातळशिल्पाबद्दल बोलणारा माणूस म्हणजे कुठल्या तरी बाजूचा माणूस. ‘तुम्ही प्रकल्पवाले की विरोधवाले?’ मला एकाने थेट विचारलं. आमच्या तालुक्याचा रिफायनरीशी काही संबंध नव्हता. पण वारशाची ओळखच भांडणातून झाली की माणसं आधी बाजू पाहतात, चित्र नंतर, आणि यात त्यांना दोष देता येत नाही.

1 मेच्या ग्रामसभेत आम्हाला पंधरा मिनिटं मिळाली. तिथे मी तयारी करून गेलेलं भाषण फसलं. युनेस्को म्हणालो, लोकांनी माना डोलावल्या. पर्यटन म्हणालो, मागून कुणीतरी ‘गाड्या कुठे लावणार’ म्हणाला. मग शाळेच्या बाई उठल्या. त्यांनी मोठा छापलेला फोटो पुढच्या रांगेतल्या बायकांच्या हातात दिला आणि विचारलं, हे काय वाटतं? एका आजींनी फोटो उलटा केला, परत सुलटा केला आणि म्हणाल्या, ‘‘पाकट आहे ही. शेपूट बघ की.’’

पाकट म्हणजे चपटा, पंखांसारख्या बाजूंचा, चाबकासारख्या शेपटीचा मासा. खाडीवर आयुष्य गेलेल्या बाईला ओळखायला दोन सेकंद लागले. कोकणातल्या चित्रांत पाकट आणि मुशी, म्हणजे शार्क, बऱ्याच ठिकाणी आहेत, हे आम्हाला वाचून माहीत होतं. तरी छापताना आम्ही ‘अज्ञात संस्कृतीची गूढ आकृती’ लिहिलं होतं. सभेत हशा पिकला, पुढच्या दोन रांगा फोटोवर वाकल्या आणि पहिल्यांदाच तो विषय गावाचा झाला. एकाने सांगितलं की त्याचा आजा तिला पांडवांची घोंगडी म्हणायचा. दुसऱ्याने सांगितलं, पलीकडच्या कोंडाच्या, म्हणजे वाडीच्या, सड्यावर बावल्या, म्हणजे बाहुल्या, आहेत.

इथे शब्दांबद्दल थोडं. रिसबूड यांनी 2018 मध्ये सांगितलेला हिशोब असा होता, की बावन्न गावांच्या परिसरात चित्रं सापडली आणि त्यांपैकी जेमतेम पाच गावांना ती असल्याची कल्पना होती. चित्रं मातीखाली, गवताखाली गेलेली असतात, तेव्हा हे खरंच असणार. पण आमच्या पट्ट्यात मला दुसरंही एक कारण दिसलं. ‘तुमच्याकडे कातळशिल्पं आहेत का’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’. शिल्प म्हणजे देवळातली मूर्ती, असली शिल्पं सड्यावर कुठून येणार? ‘सड्यावर पांडवांचं काही आहे का, बावल्या, पट, रांगोळी’ असं विचारलं की दहातला एक तरी म्हातारा काठी उचलून दिशा दाखवतो. कुडोपीच्या जागेला तिथले लोक बाहुल्यांचं टेंब म्हणत आलेच होते. नाव आधीपासून होतं, आणि आम्ही मात्र आमचा शब्द घेऊन हिंडत होतो. रिसबूड यांच्या गटाने शाळांतल्या मुलांना आपल्या आजी-आजोबांना विचारायला लावलं होतं, ती युक्ती का चालली असेल हे त्या ग्रामसभेत कळलं.

मे महिन्यात आम्ही बातमी दुसऱ्यांदा लिहिली. लिहिण्याआधी काकांकडे गेलो. ते दोन दिवस भेटले नाहीत, तिसऱ्या दिवशी भेटले. मसुदा त्यांच्या ओट्यावर बसून वाचला. त्यांनी एकच गोष्ट खोडायला लावली, स्वतःचं नाव. ‘‘भावकीत उगाच चर्चा नको.’’ मग हे छापलं:

‘आपल्या सड्यावर पाकटीचं चित्र आहे. कातळात कोरलेलं, फार जुनं. नक्की किती जुनं ते तज्ज्ञ अजून शोधत आहेत. जमीन खासगी आहे आणि खासगीच आहे. ती कुणी घेतलेली नाही. बघायचं असेल तर आधी शाळेत बाईंना सांगा, वाडीतलं कुणीतरी बरोबर येईल. चपला बाहेर काढा. चरांत रंग, खडू, पाणी काही घालू नका, सकाळी नाहीतर चारनंतर गेलात तर तसंच स्वच्छ दिसतं. खाली धन नाही. खणून बघितलेल्यांना विचारा.’

शेवटची दोन वाक्यं आमच्या गटात वादाची ठरली. एका सहकाऱ्याच्या मते असली थट्टा पत्रकात शोभत नाही. पण गावात तीच वाक्यं तोंडातोंडी फिरली आणि खणणं थांबलं, निदान आजवर तरी. नकाशाची खूण काढली. जुनी प्रत मात्र परत घेता येत नाही. ती आजही कुणाच्या तरी फोनमध्ये आहे आणि वर्षातून दोनदा नव्याने उगवते. त्यावर काही उपाय सापडलेला नाही.

सरकारी बाजूचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे फार काही घडलेलं नाही. राज्याच्या पुरातत्त्व खात्याला फोटो, मापं आणि जागेचा तपशील ग्रामपंचायतीच्या पत्रासोबत पाठवला. हे आम्ही पहिली बातमी छापण्याच्या आधी करायला हवं होतं. पाहणी झाली, नोंद झाली. ऑइलपेंटचं काय करायचं विचारलं तेव्हा आलेल्या तज्ज्ञांनी पहिलं वाक्य ‘हात लावू नका’ असं सांगितलं. रंग काढायला थिनर, तारेचा ब्रश, खरवडणं यांतलं काहीही केलं तर रंगाबरोबर चराची कडही जाते, आणि कड हेच तर चित्र.

गणपतीला, सप्टेंबरात, मुंबईची मंडळी आली. काकांच्या पुतण्यांपैकी एकाने अंगणात बसून मला तासभर उलटतपासणी केल्यासारखं विचारलं: तुम्हाला यातून काय मिळतं, पत्रकाला पैसे कोण देतं, उद्या तिकीट लागलं तर पैसे कुणाचे. रास्त प्रश्न होते. चौथ्याचं उत्तर माझ्याकडे नाही असं सांगितलं, म्हणजे चिऱ्यांचे बुडालेले पैसे कोण देणार याचं. त्याचं अजूनही नाही. खाण शेवटी झाली, पण सड्याच्या दुसऱ्या टोकाला, चित्रापासून लांब. ती जागा द्यायचं काकांनीच ठरवलं. तिथे कातळावर काही होतं का, हे कापण्याआधी बघायला आम्हाला एक दिवस मिळाला. आम्ही आणि वाडीतली सात-आठ पोरं खराटे घेऊन सकाळपासून अंधार पडेपर्यंत फिरलो. काही दिसलं नाही. सप्टेंबरातलं गवत उभं होतं, त्यामुळे नव्हतंच असं मी छातीठोक सांगणार नाही.

आता पत्रकासाठी सड्यावरची काही माहिती आली की आम्ही ती लगेच छापत नाही. आधी सातबारा बघतो, मग मालकाच्या ओट्यावर जातो, मग शाळेत. कधी यात चार महिने जातात. मध्यंतरी एक बातमी अशीच आमच्याकडे पडून असताना एका मोठ्या वर्तमानपत्राने छापली आणि गटातल्या तरुण पोरांना फार लागलं. मलाही लागलं, खोटं कशाला बोलू.

बावल्यांचा तो पलीकडचा सडा अजून आमच्या पत्रकात आलेला नाही. तिथल्या मालकीणबाई अंधेरीला असतात, शिमग्याला येतात.

पाकट बघायला मी दर जूनमध्ये पहिल्या पावसानंतर जातो. गेल्या खेपेला शेपटीतला रंग जवळपास धुऊन निघाला होता. डाव्या पंखाच्या कोपऱ्यात वीतभर पांढरा पट्टा अजून आहे, आणि काकांनी त्याच्या भोवती चार दगड मांडून ठेवलेत.